टँकरवरचा उमेदवार

‘लोकांना आवडतं म्हणजे चांगलंच असणार’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं. पोटासाठी मी ते पाच वर्षं ऐकून घेतलंय. जालना रोडवर एका मोबाइलच्या दुकानावर आमच्या बातम्यांच्या यूट्यूब चॅनलचं ऑफिस होतं. मी तिथं व्हिडिओ कापायचो, त्यांना संगीत लावायचो. संपादक आल्या आल्या आज बातमी काय आहे हे विचारत नसत. कालच्याला व्ह्यूज किती, एवढंच.

आमची गल्ली मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागं, चढावर. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं. ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई गल्लीत राहायच्या. पाण्याच्या दिवशी त्या मशीन बंद करून चौकात जायच्या, व्हॉल्व्ह सोडणाऱ्याच्या शेजारी उभ्या राहायच्या, मग खालच्या घरांत जाऊन एकेकाची मोटर बंद करायला लावायच्या. त्याशिवाय वरच्या घरांना पाणी चढत नसे. त्यापायी निम्म्या गल्लीशी त्यांचं वाकडं झालं होतं. आमचं घर सगळ्यात वर. माझ्या आईचा ड्रम भरायचा तो ताईंच्या भांडणांवर.

वॉर्डाच्या निवडणुकीला ताई अपक्ष उभ्या राहिल्या. त्या निवडून याव्यात असं मला फार मनापासून वाटत होतं. मी त्यांच्यावर अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला. पाइप कुठं गळतो, नवा व्हॉल्व्ह कुठं बसवायला हवा, सगळं त्यांनी चालत फिरून दाखवलं. कॅमेऱ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जेमतेम दोनशे वेळा पाहिला गेला, त्यात चार वेळा मीच.

“तुझ्या ताईला कोण बघतंय?” संपादक म्हणाले. “हे घे, हे काप.”

ते दुसऱ्या उमेदवाराचं शूटिंग होतं. गॉगल लावून गडी भर उन्हात टँकरवर चढला होता आणि पाइप हातात धरून खालच्या गर्दीवर पाणी उडवत होता. डीजे चालू. रिकामे हंडे घेऊन आलेली माणसं हंडे बाजूला ठेवून नाचत होती. प्यायच्या पाण्याचा अख्खा टँकर रस्त्यावर गेला. मी शिव्या देत तो व्हिडिओ कापला, पण कापला झकास. पाणी उडतं तिथं वेग कमी केला, ढोल वाढवला. दुसऱ्या दिवशी पानटपरीपासून रिक्षा स्टँडपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच. मग रोज त्याचा एक व्हिडिओ निघू लागला, आणि रोज मीच कापू लागलो.

मी मनाची समजूत काढायचो, की लोक बघतात ते करमणूक म्हणून. मत देताना ते डोकं वापरतील. हंडा ज्याचा रिकामा आहे तो काय एवढा खुळा असतो? असला शहाणपणा आमच्या ऑफिसात बसूनच सुचतो.

निकालाच्या दिवशी तो प्रचंड मतांनी आला. ताईंना आमच्या गल्लीतलीसुद्धा पुरती मतं नव्हती. मी घरी येऊन गल्लीच्या नावानं बोटं मोडू लागलो. नाचणाऱ्याला मत देणारी ही माणसं, यांना तहानेनंच मारायला पाहिजे, असलं काहीबाही बोललो. आई गहू निवडत होती.

“तू तरी ताईंना दिलंस ना?” मी विचारलं.

“नाय.”

“आई! त्या नसत्या तर आपल्याला थेंब मिळाला नसता!”

“व्हय, लई केलं तिनं.” तिनं गव्हातला एक खडा वेचून टाकला. “पण तू त्याला रोज दाखवायचास. तिला एकदाच दाखवलं अन् मग नावच घेतलं नाय. मला वाटलं, तुला काहीतरी ठावं असंल. तिच्यात काही खोट सापडली असंल.”

शेजारणींनाही तिनं हेच सांगितलं होतं. पोरगा बातम्यांत आहे, त्याला आतलं कळतं, म्हणून.