डाव्या भिंतीजवळची खुर्ची

आमच्या सभागृहाचे रखवालदार काका खुर्च्या मांडतात, एवढंच सांगितलं तर ऐकणारा म्हणेल, त्यात काय मोठं? नवी असताना मीही तेच म्हटलं होतं. माझं वाचनालय सभागृहाला लागून आहे, मधे फक्त एक दार. त्या दारातून मी काकांना वर्षानुवर्षं बघते आहे. शिंप्याची कंबर धरते, म्हणून त्याला कडक पाठीची खुर्ची. मुख्याध्यापिकाबाई पंख्याखाली शिंकत सुटतात, म्हणून त्यांची जागा पंख्यापासून लांब. बेकरीवाल्याचा देह हातांच्या खुर्चीत शिरतो पण निघत नाही, म्हणून त्याला बिनहातांची. हे काकांना कुणी सांगितलेलं नाही. ते बघतात आणि लक्षात ठेवतात. "माणूस अवघडून बसला की उगाच वाद घालतो," असं त्यांचं म्हणणं.

काकांचे थोरले भाऊ डाव्या कानाने ठार बहिरे. त्यांची खुर्ची कायम डाव्या भिंतीला, पहिल्या रांगेत, जराशी तिरकी. तिथे बसलं की त्यांचा चांगला कान व्यासपीठाकडे येतो.

गावाबाहेरच्या टेकडीवर पवनचक्क्या उभारायची योजना आली आणि गावाचे दोन तट पडले. मी पवनचक्क्यांच्या बाजूची, हे आधीच सांगून टाकते. वीज जाऊन येऊन आमच्या वाचनालयाच्या संगणकाने प्राण सोडला होता, आणि त्या टेकडीवर वाऱ्याशिवाय दुसरं काही पिकतही नाही. पण विरोध करणारे काही वेडे नव्हते. कुणाला पक्ष्यांची काळजी होती, कुणाला पात्यांच्या घरघरीची. काही जण मात्र शेजारी बाजूने आहे म्हणून विरोधात होते, त्यांचं सोडा.

थोरल्यांची जमीन टेकडीच्या उतारावर. तिच्यात दोन मनोरे बसणार होते आणि त्यांनी होकार देऊन टाकला होता. त्यातला खालचा मनोरा काकांच्या घराच्या पश्चिमेला, अगदी जवळ. दिवस कलला की फिरत्या पात्यांची सावली काकांच्या स्वयंपाकघरातून जाणार. क्षणात उजेड, क्षणात अंधार, सूर्य मावळेपर्यंत. काकूंना अर्धशिशी आहे. दिवा लुकलुकला तरी त्या डोकं धरून आडव्या होतात.

हे काकांनी सरळ भावाकडे जाऊन सांगायला हवं होतं. पण होकाराची बातमी त्यांना न्हाव्याच्या दुकानात कळली आणि त्यांना ते लागलं. दादाने आधी मला सांगायला नको? तिकडे थोरल्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की धाकटा तुमच्या विरोधात आहे, मग तेही फुगून बसले. समोरासमोर आले की एक जण रस्ता ओलांडायचा. साठी उलटलेली माणसं ही! काका रोज संध्याकाळी भावाकडे गप्पा मारायला जात, ते बंद झालं. त्या वेळी ते वाचनालयात येऊन वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटायचं विसरून जात. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

मग गावाची सभा ठरली. अध्यक्षांनी फर्मान काढलं, समर्थक उजवीकडे, विरोधक डावीकडे, म्हणजे हात मोजायला सोपं. काकांना वेगळी ताकीद मिळाली. "हात वर करायचा तर करा, पण तुम्ही सभागृहाचे नोकर. सभेत तोंड उघडायचं नाही." काकांनी मान डोलावली.

खुर्च्या त्यांनी चोख मांडल्या. कोण कुठल्या बाजूचा हे सगळं ध्यानात ठेवून कडक पाठ, बिनहात, पंखा, सगळं जिथल्या तिथे. फक्त थोरल्यांची खुर्ची सवयीने डाव्या भिंतीला गेली, थेट विरोधकांत.

थोरले आले ते उजवीकडे वळले. खुर्ची सापडेना. मग त्यांना ती पलीकडे दिसली. सभागृहात कुजबुज सुरू झाली. "बघा, धाकट्याने थोरल्याचा पक्षच बदलून टाकला!" काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खुर्ची उचलायला धावले, पण तोवर थोरले तिच्यावर जाऊन बसलेही होते. त्यांना ऐकायचं होतं, आणि ऐकू तिथूनच येत होतं.

पवनचक्क्यांच्या कंपनीचा अधिकारी माइकवर बोलला, तोवर ठीक होतं. मग मागून काकू उठल्या. माइक नाही आणि आवाज तोळाभर. थोरल्यांना काही उमगेना. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या काकांची बाही ओढली.

"काय म्हणतेय रे ती?"

काकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग वाकून पुटपुटले, "सावलीचं म्हणतेय."

"कसली सावली? मोठ्याने बोल की!"

"पात्यांची सावली!" काका ओरडलेच. "आमच्या स्वयंपाकघरात पडणार, रोज संध्याकाळी! डोकं फुटेल तिचं! ती म्हणतेय, जमीन परक्याची असती तर जाऊन भांडले असते. दादाशी कसं भांडू?"

शेवटचं वाक्य काकूंनी म्हटलंच नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

अध्यक्षांनी टेबल बडवलं. तिकडे लक्ष न देता थोरले उठले आणि त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "खालचा मनोरा वर सरकतो का?"

"तपासावं लागेल. वाऱ्याचा अंदाज—"

"मग तपासा. वरच्याला माझा होकार आहे. खालच्याला तो सरकेपर्यंत नाही."

हात वर झाले. विरोधकांच्या मधोमध बसून थोरल्यांनी योजनेच्या बाजूने हात वर केला. काकांनी त्यांच्या शेजारी उभं राहून विरोधात केला. मोजणाऱ्याची चांगलीच तारांबळ उडाली. योजना मंजूर झाली, आणि खालच्या मनोऱ्याचा निर्णय तेवढा राहिला.

लोक उठायला लागले. थोरले मात्र बसूनच होते.

"हे घरी येऊन सांगता आलं नाही तुला?"

"ऐकलं असतंस?" काका म्हणाले.

"अरे, आत्ता ऐकलं ना?"

काकांनी सगळ्या गावासमोर बाहीने डोळे पुसले.