एक चप्पल तोंडात

वरसे गावाजवळच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात मी रविवारी मदतीला जाते. तिथला एक तांबडा कुत्रा कुणी घरी नेईना. लोकांना राखण करणारा हवा असायचा आणि हा गडी आल्यागेल्याची एक चप्पल पळवून तिच्याशी खेळत बसायचा. चावणं तर सोडाच, त्याला धड भुंकताही येत नव्हतं.

एकदा धरमतरकडची एक बाई आली. पदर कमरेला खोचलेला, अंगाला सुकटीचा वास. याने लगेच तिची चप्पल पळवली. ती हसली आणि कुंपणावरच्या कावळ्याला तिने खडा मारला. कावळा उडाला, तसा हा चप्पल टाकून त्याच्यामागे धावत सुटला.

“ह्योच दे गो. आमची सुकट वाळत असते, कावळे लय येतात.”

“मावशी, हा सुकटही खाईल हं,” मी खरं ते सांगून टाकलं.

“खाईल की! कावळे काय इचारून नेतात? ह्यो निदान घरचा तरी आसंल.”

“आणि चपला?”

“सुकटीत चपला घालून कोण फिरतंय?”

निघताना तिची एक चप्पल त्याच्या तोंडात होती, दुसरी तिने स्वतःच काढून हातात घेतली. दोघंही अनवाणीच घरी गेली.