गुरुवारचे शाकाहारी मंत्र

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्याकडे खरकटी ताटं सिंकमध्ये तशीच राहतात आणि डायनिंग टेबलावर जंगल मांडलं जातं. कागदावर काढलेलं जंगल, त्यात चार-पाच बाहुल्या आणि वीस तोंडांचे फासे. हे खूळ घरात आणलं माझ्या धाकट्या दिराने. तो वरच्या मजल्यावर राहतो, घरूनच काम करतो, त्यामुळे डोक्याला मोकळीक फार. गोष्ट तो सांगतो. त्यातले राक्षस, भुतं, दरोडेखोर सगळं तोच. आम्ही बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होऊन खेळतो. माझा नवरा धनुर्धारी आहे, ज्याला खऱ्या आयुष्यात रॅकेटनेसुद्धा डास मारता येत नाही. जाऊ तलवारवाली. आणि मी जादूगारीण.

समोरच्या काकूंना फाशांचा आवाज जातो. आचोळ्यातल्या बिल्डिंगच्या भिंती त्या, पापडाइतक्या जाड. "तुमच्याकडे दर रविवारी जुगार असतो का गं?" त्यांनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, राक्षस मारतो." तेव्हापासून त्या माझ्याशी जरा जपून बोलतात.

तर, जादूगारणीचा एक नियम आहे. तिच्याकडे पोथीभर मंत्र असतात, पण ते सगळे एकदम वापरता येत नाहीत. गोष्टीतल्या दर सकाळी तिने पोथी उघडायची, त्या दिवशी लागतील असे मोजके मंत्र निवडायचे आणि दिवसभर तेवढ्यांवरच भागवायचं. आग निवडली नाही आणि दुपारी आग लागली, तर बसा बोंबलत. म्हणजे निवड जपून करायला नको का? मी करायचे. पान उलटायचं, परत मागे यायचं, वीज घेऊ की वारा घेऊ, आणि बेडूक करायचा मंत्र आज राहू दे का. माझी निवड होईपर्यंत नवरा खुर्चीत घोरायला लागायचा आणि दीर पेन्सिलीला टोक काढून काढून ती संपवायचा.

एका रविवारी त्याने पेन्सिल खाली ठेवली. "वहिनी, मागच्या आठवड्यात आपण काय खेळलो सांगा. तुमची सकाळ. फक्त सकाळ!"

"मग? लढाईला जाताना तयारी नको?"

"हवी ना. पण आता चहा उकळायच्या आत मंत्र सांगायचे. नाही जमलं तर जादूगारणीला गावी सोडायचं आणि तलवार घ्यायची. तलवारवाल्याला काही निवडावं लागत नाही. उठला की मारतो."

नवऱ्याने लगेच मान डोलावली. झोपमोड झाली की तो न्यायाधीश होतो. जाऊ फासे डबीत भरत होती. माझी जादूगारीण मी स्वतः घडवलेली. म्हातारी, तिरसट, खांद्यावर कावळा, कुणाच्या बापाला न भिणारी. ऑफिसात साहेबांचं पुराण चालू असतं तेव्हा मी हळूच तिला बोलावते आणि साहेबांचा बेडूक करून घेते. तिला गावी सोडायचं म्हणजे काय?

उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. माझ्या डब्यांचं ठरलेलं आहे, तोंडपाठ. सोमवारी मटकी, मंगळवारी भेंडी, बुधवारी सुकी करंदी म्हणजे बारीक कोलंबी, गुरुवारी वरण आणि बटाटा, शुक्रवारी अंडी, शनिवारी परत काहीतरी कडधान्य. सकाळी डोकं चालवायचं कामच नाही, हात आपोआप डब्याकडे जातो. मग मंत्रांचे तसेच डबे का भरू नयेत? वारानुसार लावून टाकायचे. दिराने म्हणायचं "मंगळवार उजाडला" आणि मी धडाधड मंगळवारचे मंत्र म्हणून मोकळी.

आणि चाललं की हो! पहिल्याच रविवारी चहाला उकळी यायच्या आत माझं सांगून झालं. दीर बघतच राहिला. पुढचे काही रविवार आम्ही डोंगर ओलांडले, दरोडेखोर बडवले, एका भुताला बाटलीत भरलं. नवऱ्याचीच तेवढी तक्रार, की आता डोळा लागायला वेळच मिळत नाही. मी कॉलर ताठ करून हिंडत होते.

पण दीर लग्नाआधी आमच्याकडेच जेवायला होता. कुठल्या वाराला माझ्या डब्यात काय असतं हे त्याच्याइतकं नवऱ्यालाही माहीत नसेल. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

त्या रविवारी त्याने टेबलावर एक ओढा काढला. आम्ही तो लगेच ओळखला, चांदीपच्या बाजूला सहलीला गेलो होतो तिथला होता, फक्त काठावरची शेतं काढून दाट झाडी लावलेली. मग त्याने घसा साफ केला. "गुरुवार उजाडला."

मी म्हटलं, "निद्रा, धुकं, उजेड, मोडलेलं सांधणं."

"छान," तो म्हणाला. "ओढ्यातून तीन दैत्य वर येतात. तलवारीचा घाव केला तर लगेच भरून येतो. बाण लागला तर उपटून दात कोरतात. हे दैत्य मरतात फक्त आगीने. आणि ते झोपत नाहीत."

जाऊ माझ्याकडे वळली. "ताई, टाका ना आग."

"आग नाही."

"का?"

"अगं, गुरुवार आहे."

मी हे इतकं सहज बोलले की क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग नवऱ्याच्या तोंडातलं पाणी नाकातून आलं. "तिला गुरुवार असतो?"

असतो म्हणजे काय, मी तरी कुठे ठरवलं होतं? डबे भरताना हात वळत गेला. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे मासळी-मटण होत नाही. त्या दिवशी जाळपोळ, विजा, विषारी धूर असले मंत्र घालायला मला कसंतरीच वाटलं असणार. ते सगळे बुधवार, शुक्रवार, रविवारात गेले आणि गुरुवारच्या वाट्याला आले शाकाहारी मंत्र. त्या म्हातारीला ना दत्त माहीत ना गुरुवारची आरती, पण वार तिने माझ्यामुळे इमानेइतबारे पाळला होता. दीर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मलाही हसू आवरेना. धुकं पाडून आम्ही कसेबसे पळालो. खेचर गेलं, जावेची ढाल गेली, धनुर्धारी महाराज एका चपलेनिशी परतले.

हसणं ओसरल्यावर दिराने फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. त्यावर माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं नवं पात्र, एक तलवारवाला. "ठरलं होतं ना वहिनी? चहाच्या आत मंत्र सांगायचे. पण उपयोगाचे सांगायचे की!"

"मुद्दाम गुरुवारी आणलेस ना दैत्य?"

"दैत्यांना कुठे वार कळतो?" तो म्हणाला, पण माझ्या डोळ्याला डोळा देईना.

मी तो कागद बघत राहिले. नीटनेटका तलवारवाला होता, नावसुद्धा घातलेलं. आणि माझा एकदम संताप संताप झाला. मी म्हटलं, "आठवडाभर कुणाला काय खायचं, कुणाला काय लागतं, ते मी बघते. सगळं ठरलेलं. मला काय हवं हे बघायला एक रविवारची दुपार मिळते, ती तरी चुलीवर चहा ठेवून मोजू नका रे. मला वेळ लागतो कारण मला तो लावायचा असतो. मला आवडतं."

दीर वरमला. नवरा चष्मा पुसायला लागला. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "मला तलवार कशी मिळाली, माहितीये का ताई?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी. तुम्ही दोघांनी आपापलं घेतलेलं होतं. उरली होती ती माझ्या हातात दिली. मला तलवार अजिबात आवडत नाही."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?" दीर म्हणाला.

"तू विचारलंस कधी?"

तिने स्वतःच्या तलवारवालीचा कागद उचलला, माझ्यासमोरचा तलवारवाला त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही माझ्या नवऱ्यापुढे सारले. "दादा, तुम्हालाच राहू देत." मग खुर्ची ओढत माझ्या बाजूला आली आणि पोथी दोघींच्या मध्ये घेतली. "ताई, माणसाचा बेडूक करायचा तो कुठला?"

मी दाखवला. तिने तो बोट ठेवून वाचला. मग त्याच्या खालचा वाचला. मग मागच्या पानावर गेली. वीज चांगली की वारा, यावर आमचं एकमत होईना. वाऱ्याने केस विस्कटतील म्हणाली, मी म्हटलं समोरच्याचे विस्कटतील, आपले नाही. दैत्य ओढ्याच्या काठावर ताटकळत उभे होते आणि दीर त्यांना उगाचच एका रांगेत लावत होता. शेवटी त्याच्याने राहवेना.

"शुक्रवार उजाडला," तो हळूच म्हणाला.

"थांब जरा," जाऊ मान वर न करता म्हणाली. "आम्ही अजून ठरवतोय."