दोन ट्युनर आणि दुपारचे अडीच

आमच्या हॉलमधल्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर कायम चालू असतो. घरातले फोटो, लग्नांचे व्हिडिओ, डाउनलोड केलेले सिनेमे असं सगळं त्यात आहे आणि ते घरातल्या दोन्ही टीव्हींवर लावता येतं. आम्ही त्याला सर्व्हर म्हणतो. मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नोकरीला असल्यामुळे हा उद्योग माझाच. काही वर्षांपूर्वी मी त्याला दोन ट्युनर जोडले होते. ट्युनर म्हणजे वहीएवढे काळे डबे. गच्चीवरच्या फुकट डिशची केबल त्यांच्यात जायची आणि त्यांच्यातून चॅनेल घरच्या नेटवर्कवर यायचे. रिमोटचं लाल बटण दाबलं की चालू कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा, आणि ते बटण दाबून धरलं की तोच कार्यक्रम रोज आपोआप रेकॉर्ड व्हायचा. तेव्हा मला याचं फार कौतुक होतं. घरात येईल त्याला मी ते दाखवायचो.

नंतर फायबरचं इंटरनेट आलं. क्रिकेट मोबाइलवर दिसायला लागलं, बायको मालिका तिच्या वेळेनुसार बघायला लागली. एकेक करत चॅनेल नव्या पद्धतीच्या प्रक्षेपणावर गेले आणि ते पकडणं आमच्या डब्यांना जमेना. यादीतले निम्मे चॅनेल काळे पडले, मग जवळजवळ सगळेच. मी लक्ष दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर्व्हर अडखळायला लागला. फोटो उघडायलाही वेळ लागायचा. एका रविवारी सकाळी बसून नोंदी बघितल्या, तर सर्व्हर दर काही मिनिटांनी त्या ट्युनरना हाका मारत होता आणि उत्तराची वाट बघत थांबत होता. त्यातच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, आणि असले जुने ट्युनर आधी काढा, असं तिचं म्हणणं होतं. काढून टाकायचं ठरवलं.

सेटिंगमध्ये पहिल्या ट्युनरपुढचं ‘काढा’ दाबलं, तर प्रश्न आला: या ट्युनरवर लावलेली रेकॉर्डिंग आहेत, तीही रद्द करायची का? माझी तर मी सगळी कधीच रद्द केली होती. यादी उघडली. एकच ओळ होती. रोज दुपारी अडीच वाजता, अर्धा तास. कार्यक्रमाचं नाव कन्नडमध्ये. खाली बघावं तिथपर्यंत लाल अक्षरात एकच शेरा: अयशस्वी.

ती कन्नड अक्षरं बघून मला आठवलं. ट्युनर चालू होते तेव्हा डिस्कवर असल्याच नावाच्या फाइली जमा व्हायच्या. कार्यक्रमांच्या वेळापत्रकात घोळ होऊन शेजारचा चॅनेल रेकॉर्ड होतोय, असं मी धरून चाललो होतो. डिस्क भरत आली की सगळ्यात आधी मी त्याच फाइली उडवायचो. एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, “मी कशाला कन्नड लावू? आईंना विचारा की.”

आई मागच्या अंगणात हौदाशी होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी सुटलं होतं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि ते भरून घेण्याचं काम आई कुणाला करू देत नाही. मी विचारलं, “आई, दुपारचा कन्नड कार्यक्रम तू लावलेलास का?”

“कुठला?” म्हणाली आणि पाइप दुसऱ्या टाकीत सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “व्हय. लाल बटण दाबून धरलं की ठेवतंय, असं तूच सांगितलेलंस की.”

“मग तेव्हाच का बघत नव्हतीस? रेकॉर्ड कशाला?”

“अडीचला कधी पाणी येतंय, कधी कुणी येतंय. सगळं उरकल्यावर बघायची. मग ते आपोआप जायला लागलं. दोन बघितले की पुढचे नसायचेच. मशीनमध्ये जास्त मावत नसेल म्हटलं.”

ते मशीन नव्हतं, मी होतो, हे तिला सांगावं की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग सांगितलं. ती म्हणाली, “असू दे. तुला काय माहीत.” एवढंच. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेवरच्या खेड्यात. लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. मुलांच्या दोन्ही भाषा कच्च्या राहतील म्हणून आमच्या आजीने घरात कन्नड बोलायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे मला आणि बहिणीला कन्नड आलंच नाही. मावशी, म्हणजे आईची अक्का, यायची तेव्हा दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायच्या. मावशी जाऊन आता सहा वर्षं झाली. तो कार्यक्रम आईने मावशी गेल्यानंतर लावला होता. तारखा मी यादीत बघितल्या.

पाणी भरून ती आत आली. मी विचारलं, “होतं काय त्या कार्यक्रमात?”

“काही नाही. एक बाई खेड्यापाड्यात जायची. बायकांशी बोलायची, त्या गाणी म्हणायच्या, भाकरीचं, शेंगाचटणीचं सांगायच्या. पण बोलायची आमच्या गावाकडच्यासारखं. अक्का बोलायची तसं.”

“बंद पडला तेव्हा मला का नाही सांगितलंस?”

“तुमी सगळे म्हणत होता की आता टीव्ही कोण बघतंय. मग मी एकटीसाठी काय सांगू?”

असं आम्ही खरंच म्हणत होतो. मीच जास्त.

डिस्क धुंडाळली तेव्हा त्या कार्यक्रमाच्या तीन फाइली सापडल्या. मी उडवायच्या विसरलो होतो. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि मग दोन्ही ट्युनर यादीतून काढले. राउटरमध्ये त्यांच्यासाठी राखलेले पत्ते पुसले. कपाटात हात घालून डबे बाहेर काढले. त्यांच्यावर बोटभर धूळ होती. सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि फोटो झटकन उघडले.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यातली एक फाइल लावली. आई खुर्ची पुढे ओढून बसली. जोंधळ्याच्या शेतात सात-आठ बायका गात होत्या. आई अर्थ सांगत होती, मध्येच सांगायचं विसरत होती. एका ओळीला ती आणि टीव्हीतली बाई एकदमच हसल्या. बायकोने विचारलं, “काय म्हणाली?” आई म्हणाली, “ते मराठीत नाही होत गं.”

पुढच्या आठवड्यात भवानी पेठेतल्या दुकानातून डिशवाला बोलावला. त्याने गच्चीवरची डिश सरळ केली, केबल थेट आईच्या खोलीत नेली आणि तिथल्या टीव्हीला नव्या पद्धतीचा साधा सेट-टॉप बॉक्स जोडला. सर्व्हर नाही, रेकॉर्डिंग नाही. कन्नड चॅनेल लागला. तो कार्यक्रम मात्र बंद झालेला आहे. इंटरनेटवर मी त्याचे काही भाग शोधले, सापडले नाहीत. तिथलेच कन्नड लोकगीतांचे दुसरे व्हिडिओ मी तिला लावून दिले. तिने दहा मिनिटं बघितले आणि म्हणाली, “या शहरातल्या पोरी हायत. गळा चांगला हाय.” पुन्हा लाव म्हणाली नाही.

आता ती दुपारी कन्नड बातम्या बघते. निवेदिकेची भाषा तिला पुस्तकातली वाटते आणि बातम्या संपेपर्यंत ती तिच्या शब्दांवर शेरे मारत असते. पूर्वी हे ती मनातल्या मनात करत असावी. हल्ली मोठ्याने करते, कन्नडमध्ये. मी घरी असलो तर दारात उभा राहून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतो. कधी सांगते, कधी हातानेच थांब म्हणते, कारण बातमी चालू असते.