चन्नवीरचं न बसणारं पाणी

उभी हयात मी रंगमंचावर राजे रंगवले. माझा चांदीचा मुकुट धुऊन द्यायचा तो गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, चन्नवीर. दर धुण्याला मुकुट थोडा हलका होतो असा मला संशय होता. पण अशी लखलख आणणारा दुसरा हात मला ठाऊक नव्हता, म्हणून मी गप्प राहायचो.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. दागिने धुतलेलं पाणी निवळू द्यायचं. तळाला बसेल ती चांदी गिऱ्हाइकाची. वरचं पाणी वेगळं ठेवायचं. त्यात पुढं काही बसलंच, तर ते धुणाऱ्याचं. या दुसऱ्या पाण्यावर चन्नवीरची भारी माया.

२००९ साली त्याची भाची दानेश्वरी गडहिंग्लजहून एमएस्सीला आलेली. तिला पेन्सिलीतल्या शिशाच्या, म्हणजे ग्राफाइटच्या, पुडीचे पापुद्रे पाण्यात सोडवायचे होते, अणूइतके पातळ. त्यांना ग्राफीन म्हणतात. सोडवतो कोण, तर आवाज! इतक्या उंच पट्टीतला, की माणसाला ऐकूच येत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचता पोचता माझा गळा बसला, आणि इथं न ऐकू येणारा गवई बाजी मारून जात होता.

असा आवाज काढणारी कॉलेजातली मशीन बंद पडली होती आणि शुक्रवारी परीक्षक येणार होते. तसलीच मशीन चन्नवीरकडं दागिने धुवायला होती. पूड आणि साबणाचं पाणी भरलेली बाटली दानेश्वरीनं तिच्यात ठेवली.

"मामा, चांदीपेक्षा महाग हाय हे. मशीन चालवा, मग बाटली निवळू द्या आणि माल काढून ठेवा," एवढं सांगून ती चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेली. ते 'महाग' तिनं बोलायला नको होतं.

गुरुवारी ती परतली तेव्हा मी दुकानात चहा पीत होतो. चन्नवीरनं ऐटीत काळ्या गाळाची पुडी पुढं केली. "घे. कण न्हाय सांडला."

"यव्वा! मामा, हा तर न सुटलेला गाळ! पातळ पापुद्रे वर तरंगत्यात. वरचं पाणी कुठाय?"

"ते... टाकलं की."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या काय दाखवू मी? वर्ष गेलं माझं!"

चन्नवीर तिच्याकडं बघेना, माझ्याकडं बघेना. नजर सारखी गादीमागच्या फडताळाकडं. इतका वाईट अभिनय मी गावच्या जत्रेतसुद्धा पाहिला नव्हता.

"चन्नवीर," मी दरबारी आवाज लावला, "फडताळात काय दडवलंय?"

"राजं, तुमी चहा प्या की गप!"

पण तोवर दानेश्वरीनं फडताळ उघडलं होतं. आत झाकण लावलेली बरणी होती, त्यात राखाडी पाणी.

"घे बाई घे," चन्नवीर वैतागला. "रोज टक लावून बघतोय. धुणाऱ्याचा वाटा म्हणून ठेवलेलं. पर त्यात काय बसतच न्हाय! खोटा माल हाय तुझा."

दानेश्वरी बरणी उजेडात धरून हसत सुटली, डोळ्यांतलं पाणी तसंच. "मामा, बसत न्हाय म्हणूनच खरा! जाड असता तर कवाच तळाला गेला असता."

परीक्षक खूश झाले. दानेश्वरीनं मामाला त्यातलं कुपीभर पाणी दिलं, धुणाऱ्याचा वाटा म्हणून. ती कुपी देव्हाऱ्यात आहे. चन्नवीर रोज सकाळी पूजा उरकली की ती उचलून तळ निरखतो.

मुकुटाचं मात्र मी त्याला अजून विचारलेलं नाही.