फादरांना दिलेलं शेलापागोटं

शाल आणि श्रीफळ देऊन माणसाचा सत्कार करायच्या पद्धतीची मी आयुष्यभर टिंगल केली. आता करत नाही. शालीने कुणाचं वाईट झालेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते. त्या दुपारी मी सुचवलेल्या कार्यक्रमाबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

जळगावात कॅथलिक कॉलेजकुमारांचं एक छोटं मंडळ आहे. शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मुलं-मुली जमतात. कुणी वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समधलं, कुणी भुसावळच्या रेल्वेवाल्यांचं, काही केरळहून नर्सिंगला आलेल्या, आणि बरीचशी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येऊन होस्टेलवर राहणारी. त्यांच्यासाठी बिशप एक फादर नेमतात, त्यांना चॅप्लिन म्हणतात. त्यांनी मिस्साची उपासना करायची, कन्फेशन ऐकायचं, म्हणजे खासगीत कबूल केलेली पापं ऐकून क्षमा द्यायची आणि ती जन्मभर पोटात ठेवायची, स्कॉलरशिपच्या फॉर्मपासून घरच्या भांडणांपर्यंत सगळ्यात लक्ष घालायचं. मी एका कॉलेजात मराठी शिकवतो, कॅथलिक आहे आणि माइक नसला तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. एवढ्या पात्रतेवर मला मंडळाचा सल्लागार केलं होतं.

जुने फादर साठी ओलांडलेले, मूळचे मंगळूरकडचे. मराठी शिकले ते इकडच्या खेड्यांत राहून, त्यामुळे पुस्तकी मराठीत अडखळायचे आणि खानदेशी मात्र घरच्यासारखी बोलायचे. हॉलमध्ये शिरता शिरता विचारायचे, "बठ्ठा उनात का रे भाऊ?" म्हणजे सगळे आलात का. चर्चमधलं कन्फेशनचं लाकडी कपाट त्यांनी झाडू ठेवायला देऊन टाकलं होतं. मागच्या ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या काटकोनात मांडायचे. सांगणाऱ्याने भिंतीकडे बघत सांगावं, हे डोळे मिटून, मान खाली घालून ऐकणार. समोरच्याचे डोळे उघडे असले की आमच्या मुलांची तोंडं बंद होतात, असं ते म्हणत.

मग बिशपांचं पत्र आलं. फादरांची बदली धुळ्याला, त्यांच्या जागी एक तरुण फादर. निरोप आणि स्वागत एकाच दुपारी उरकायचं ठरलं. खुर्च्या एकदाच भाड्याने आणाव्या लागतात.

"शाल कोण आणणार?" मंडळाच्या सेक्रेटरी मुलाने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "धुळ्याच्या उन्हात शाल पांघरून बसतील का ते?"

"मग मानपत्र तरी लिहा सर."

"मानपत्र म्हणजे जिवंत माणसाला ऐकवलेला मृत्युलेख. मला नाही जमणार. त्यापेक्षा फिशपाँड ठेवू."

फिशपाँड, म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगमधली शेलापागोटी. चिठ्ठीवर एखाद्याच्या नावाने निनावी टोमणा लिहायचा, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, मग एकेक काढून सगळ्यांसमोर वाचायची आणि ज्याची चिठ्ठी असेल त्याने उठून उभं राहायचं. मुलांनी उड्या मारल्या. "सर, तुम्हीच लिहा, आमचे पाणचट होतात," असं कुणीतरी म्हणालं आणि मी आढेवेढे न घेता कामाला लागलो.

फॅक्टरीतल्या कामगाराच्या मुलाला माझ्या चिठ्ठीत मिळालं: "बाप बनवतो दारूगोळा, पोरगा आणतो पेपरात भोपळा." त्याने वाकून सलाम केला. नर्सिंगच्या मुलींना मिळालं, सल्लागार सरांनाही मिळालं, म्हणजे मीच मला दिलं, संशय नको म्हणून. शेवटची चिठ्ठी फादरांची.

"पाप सांगायला गेलो, घोरणं ऐकून आलो."

हॉलमध्ये हशा फुटला. फादर उठून उभे राहिले, दोन्ही कान धरले, हसता हसता डोळे पुसले. पहिल्या रांगेतल्या नव्या फादरांनी ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मी नम्रपणे खाली बघत बसलो. लिहिणारा माणूस नम्र दिसतो तेव्हा बहुधा टाळ्या मोजत असतो.

फादर दुसऱ्या दिवशी एका बॅगेनिशी धुळ्याला गेले.

पंधरा दिवसांनी एक मुलगी माझ्याकडे स्टाफरूममध्ये आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, चोपड्याच्या वरच्या एका पाड्यावरची. मंडळात कधी बोलायची नाही, पण शनिवारी ओट्यावरच्या त्या खुर्चीत मी तिला अनेकदा बसलेलं पाहिलं होतं. दारातच उभी राहिली.

"सर, फादर खरंच झोपायचे का?"

"अगं, झोपायचे म्हणजे? ओट्यावरची चिमणीसुद्धा उडायची घोरण्याने," मी म्हणालो. शेजारचे इतिहासाचे सर हसले. ती हसली नाही.

मी तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेलो. तिने काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की, एक गोष्ट होती. ती तोंडातून बाहेर काढायला तिला दोन वर्षं लागली. शेवटी काढली. फादरांनी ऐकून घेतलं, पापक्षमा दिली, आणि म्हणाले, गेलं ते, आता त्याचं ओझं वाहू नको. त्या दिवसापासून ती पोटभर जेवायला लागली होती.

"आता वाटतं," ती म्हणाली, "शेवटचं वाक्य तेवढं जागेपणी बोलले असतील. ते सगळ्यांनाच बोलत असतील." मग भिंतीकडे बघून, होस्टेलवर शिकलेलं मराठी सोडून म्हणाली, "मंग मी कोनले सांगं व्हतं?"

मग मी कुणाला सांगितलं होतं? वर्गात या प्रश्नाला मी दहा मिनिटं बोलू शकलो असतो.

"विनोद होता गं तो," मी म्हणालो.

"विनोद खऱ्यावरच उभा असतो, तुम्हीच शिकवलं. नोट्समध्ये आहे."

खरं काय होतं, ते इथे लिहितो, कारण त्या व्हरांड्यात मी सांगितलं नाही. फादरांना मी झोपलेलं पाहिलं होतं ते एकदा. भर उन्हाळ्यात, रावेरकडच्या एका घरची माती उरकून ते परस्पर हॉलवर आले होते. ओट्यावर खुर्चीत त्यांचा डोळा लागला होता. समोरची खुर्ची रिकामी होती. घोरतही नव्हते. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग फिशपाँडमधलं बाकी सगळं मी कुठून आणलं, हेही सांगावं लागलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि तास आहे म्हणालो. तास नव्हता.

त्यापुढे मी सभ्य माणसं करतात ते केलं, दुसऱ्यावर ढकललं. नव्या फादरांकडे गेलो. माणूस चांगला आहे, फक्त नीटनेटका फार. त्यांनी ओट्यावरच्या खुर्च्या हलवून कपाट पुन्हा साफ करून घेतलं होतं आणि दारावर वेळापत्रक लावलं होतं. त्यांनी मला शांतपणे समजावलं की पापक्षमेचे शब्द उच्चारले गेले असतील तर संस्कार पूर्ण झाला. मनाला शंका असेल तर पुन्हा सांगायला हरकत नाही.

"तिला पाठवा माझ्याकडे," ते म्हणाले. "कोण, ती पाड्यावरची का, शेवटच्या वर्षाची?"

मी नाव घेतलं नव्हतं. 'माझ्या वर्गातली एक मुलगी' म्हणालो होतो, आणि मंडळात माझ्या वर्गातल्या मुली किती असणार? तिचं गुपित मला ठाऊक नव्हतं, पण गुपित आहे एवढं मी पंधरा मिनिटांत जाहीर करून ठेवलं. मी "नाही नाही, दुसरीच" म्हणालो. एका फादरांबद्दल यमक जुळवून खोटं बोललो होतो, आता दुसऱ्यांशी गद्यात बोललो.

ती शनिवारी यायची बंद झाली. मग एका गुरुवारी मी रजा टाकून धुळ्याची एस.टी. पकडली. एरंडोल, पारोळा करत जाताना वाटभर क्षमा मागणारी वाक्यं जुळवली. ती चांगली झाली होती, म्हणून सगळी सोडून दिली.

फादर तिथल्या होस्टेलच्या मागे मुलांच्या गाद्या उन्हात टाकत होते. मला बघून खुलले. "या सर! शेव-भाजी खाऊन जायचं, धुळ्यात आल्यासारखं." गाद्या तशाच टाकून आम्ही पायरीवर बसलो. नाव, गाव, वर्ग काहीही न सांगता मी म्हणालो की, तुमच्याकडे कन्फेशनला येणारं कुणीतरी अस्वस्थ आहे. तुम्ही झोपेत होता असं त्या व्यक्तीला वाटतं.

त्यांचा चेहरा उतरला, पण नवल वाटल्याचं काही त्यावर दिसलं नाही.

"मला तेच भय होतं," ते म्हणाले. "कोण आलं, काय बोललं, मी बोलू शकत नाही. कुणाला जाऊन विचारूही शकत नाही की बाबा, तू सांगत होतास तेव्हा मी जागा होतो का. तुम्हाला ठाऊक आहे ते."

"पण फादर, तुम्ही झोपत नव्हता ना?"

"झोपणाऱ्याला कसं कळणार सर? माझी साखर वाढलेली. जेवणानंतर डोळे जड होतात. मला वाटायचं, मी डोळे मिटून ऐकतोय. त्या दिवशी चिठ्ठी वाचली आणि अख्खा हॉल हसला. सगळे हसले म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकट्यालाच नव्हतं." त्यांनी गादीचा निघालेला टाका बोटाने आत ढकलला. "इथे आल्यावर मी वरिष्ठांना सांगितलं, मला कन्फेशन नका देऊ. म्हाताऱ्या माणसाने लोकांची फसवणूक करू नये. आता गाद्या, किराणा आणि मुलांची हजेरी बघतो."

कान धरून, डोळे पुसत हसणारा माणूस मला आठवला. ते हसणं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण डोळे कशासाठी पुसत होते, ते मी तेव्हा माझ्या सोयीने ठरवलं होतं.

"फादर, चिठ्ठी मी लिहिली होती."

"ते कळलंच होतं. एवढं नेटकं दुसरं कोण लिहिणार?"

"मी तुम्हाला कन्फेशनच्या वेळी झोपलेलं कधीही पाहिलेलं नाही. कुणी मला तसं सांगितलंही नव्हतं. एकदा खुर्चीत डोळा लागलेला पाहिला, तेव्हा समोर कुणी नव्हतं."

"मग ते घोरणं?"

"यमकासाठी," मी म्हणालो.

खरं तर त्यात यमकही धड नव्हतं. गेलो आणि आलो. एवढ्यासाठी.

मला वाटलं रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. मग उठून एक गादी उलटी केली आणि पाठमोरे म्हणाले, "हे मला सांगून अर्धंच काम झालं. जिथे म्हणालात तिथे सांगा. तेवढ्याच मोठ्याने."

शेव-भाजी त्यांनी खाऊ घातलीच. माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढली. मला नको म्हणायचं तोंड नव्हतं.

त्या शनिवारी मी हॉलमध्ये उभा राहिलो. "जुन्या फादरांबद्दलची ती चिठ्ठी माझी होती आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा होता," असं म्हणालो. हॉल हसला. फॅक्टरीवाल्याचा मुलगा ओरडला, "सर, पुढची ओळ!" ते शेवटच्या फटक्याची वाट बघत होते, मीच त्यांना ती सवय लावली होती. मी पुन्हा तेच म्हणालो. हसणं अर्धं झालं. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझा आवाज फाटला, आणि मग मुलं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. नव्या फादरांनी घसा खाकरून ग्रुपवरचा तो व्हिडिओ काढून टाकतो म्हणून सांगितलं आणि प्रार्थना सुरू केली.

ती अर्थातच आलेली नव्हती. मी सगळ्यांची क्षमा मागून बसलो होतो, जिची मागायची ती सोडून.

ती मला सोमवारी लायब्ररीच्या जिन्यात भेटली. मी थांबवून सांगितलं. एकदाच पाहिलं होतं, खुर्ची रिकामी होती, बाकीचं मी रचलं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो, आणि तास नव्हता.

तिने पुस्तकं या हातातून त्या हातात घेतली.

"तेव्हा खरं बोललात की आता, मी कसं ठरवू सर? दोन्ही वेळेला चांगलंच बोलता तुम्ही."

यावर उत्तर देऊ नये इतपत अक्कल तोवर आली होती. फक्त सांगितलं, की तू सांगत होतीस तेव्हा मी तिथे नव्हतो, म्हणून तुझ्या वेळचं मला काही ठाऊक नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल. मी जाऊन आल्यावर त्यांनी वरिष्ठांकडे कन्फेशन पुन्हा मागून घेतलं, काल तसा त्यांचा फोन आला, आणि या आठवड्यापासून दर गुरुवारी दुपारी ते खुर्ची मांडून बसणार आहेत. धुळ्याला, होस्टेलच्या मागे.

ती जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली.

"धुळ्याची गाडी कितीला असते?"

"दर अर्ध्या तासाला. सकाळी नऊच्या सुमाराला निघालीस तर उत्तम. मी येऊ का सोबत? मला फादर..."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही नको."

आणि पायऱ्या उतरून गेली. गुरुवारी माझ्या तासाला ती गैरहजर होती. मी हजेरी घेताना तिचा नंबर पुकारला, उत्तर आलं नाही, आणि गैरहजेरीची खूण करून पुढचा नंबर घेतला.