पंचेचाळीस डिग्रीचं पाणी

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता हसत वाचले. लोणी देवकरच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. मीटर दाखवेल तेवढंच खरं मानणारा माणूस. भुताखेतांवर विश्वास कालही नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय... घरात सांगायची सोय नाही म्हणून.

बारामतीला घर बांधलं तेव्हा हीट पंप बसवला — हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं यंत्र. वीज कमी खातं, पण आमचा पंचेचाळीस डिग्रीच्या वर पाणी देत नाही. प्लंबर सिकंदरभाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "साहेब, ह्याला मोठा शॉवर नका घिऊ. वरनं पडस्तवर पाणी गार हुतंय. साधा हँड शॉवर घ्या, अंगाजवळ धरता येतोय." पण मला हॉटेलात पाहिलेला ताटाएवढा शॉवर हवा होता. वास्तुशांतीला पाहुण्यांना दाखवायला! खालचा नळसुद्धा काढायला लावला, बादली दिसायला नको म्हणून.

आई गेल्यावर वडील — आमचे दादा — आमच्याकडे राहायला आले. वालचंदनगरला बॉयलरवर जन्म काढलेला माणूस. पहिल्याच थंडीत म्हणाले, "एक नळ आन् बादली दे की रं. हे पाणी अंगावर येस्तवर गार हुतंय."

मी त्यांनाच शिकवलं, "दादा, डिस्प्लेवर पंचेचाळीस आहे. वय झालंय तुमचं, म्हणून गार लागतं."

"आसंल. चालतंय," म्हणाले. पुन्हा कधी बोलले नाहीत. रोज कुडकुडत बाहेर यायचे आणि मी पेपर वाचत बसायचो. जानेवारीत न्यूमोनिया झाला, आठ दिवसांत गेले. डॉक्टर म्हणाले, वय होतं. शॉवरचं नाव कुणीच काढलं नाही, मीही नाही.

तेरावं झाल्यावर हँड शॉवर बसवला, खाली नळही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

बायको, मुलगी खूश. छान कढत पाणी. पण मी अंगावर घेतलं की गार... कंपनीतला थर्मामीटर आणला. मी धारेत धरला — एकतीस. धार चालूच ठेवून तोच थर्मामीटर दारात उभ्या बायकोला धरायला लावला — पंचेचाळीस. दुसरा थर्मामीटर आणला, तेच. सिकंदरभाईंनी सगळे व्हॉल्व्ह खोलून तपासले, धारेखाली हात धरला.

"गरमच हाय की, साहेब," म्हणाले.

त्यांच्या हाताशेजारी माझा हात होता. गारठलेला.

याला दोन थंड्या झाल्या. कारण मला सापडलेलं नाही आणि शोधायची लाज वाटते. हल्ली तक्रारही करत नाही. सकाळी बायको बाहेरून विचारते, "येतंय का गरम?"

मी दात आवळून म्हणतो, "चालतंय."